जाब विचारणारी भक्ती

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत दक्षिणेत हिंडत होतं. देवळात बसून पुराण सांगायचं आणि श्रोते पुढे ठेवतील त्यावर भागवायचं, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. श्रोत्यांच्याच घरात दाणा उरला नाही तेव्हा आधी साठवलेला पैसा गेला, मग दागिने, मग तांब्यापितळेची भांडी. व्रतं, अनुष्ठानं, दानधर्म यांत मात्र खंड पडला नव्हता, कारण देव प्रसन्न झाला की अन्न मिळेल यावर त्या घराचा पूर्ण भरवसा होता. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात झाडपाला आणि रानखजूर खाऊन दिवस काढायची पाळी आली. वयानं थकलेले, दृष्टी गेलेले शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायला निघाले. मी मजुरी करून सगळ्यांना पोसतो, असं म्हणून मुलानं, श्रीनिवासनं, त्यांना अडवलं. पण थोड्याच काळात ते गेले. पाठोपाठ पत्नी लक्ष्मीबाई गेल्या, मग थोरली मुलगी. धाकटी मुलगी रमा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. तीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून ओळखली गेली.

पुढच्या पानांत जो प्रश्न आहे त्याला तत्त्वज्ञानात एक देखणा आकार मिळालेला आहे. देव दयाळू असेल आणि समर्थही असेल, तर दुःख का? ग्रीक विचारवंत एपिक्युरसच्या नावावर हा पेच शतकानुशतकं सांगितला जातो. पण डोंगरे कुटुंबाच्या बाबतीत त्याची धार आणखी तीव्र होते. या माणसांनी देवाकडे पाठ फिरवली नव्हती. नियमांत जे सांगितलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं, अगदी शेवटचं भांडं विकेपर्यंत. आणि तरीही मरण्याआधी शास्त्रीबुवांनी मुलीला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी हे पुढे १९०७ मध्ये आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात लिहून ठेवलं आहे. ज्याच्या दारात आपण उपाशी मरतो आहोत त्याच्याच हाती मुलगी सोपवणारा हा बाप माझ्या मनातून कधी गेला नाही. हे पुस्तक मी लिहायला घेतलं त्याचं एक कारण तो आहे.

मी देव मानतो. आणि देव मानणाऱ्यांनी दुःखाविषयी जे बोलून ठेवलं आहे त्यातलं बरंच मला असह्य वाटतं. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणं भाग आहे, कारण पुस्तकाचा सारा भार त्यांच्यावर आहे.

दुःख दिसलं की माणसाला त्याचं कारण सांगायची घाई होते, आणि दुःख दुसऱ्याचं असेल तर ती घाई जास्तच असते. बायबलमधला ईयोब सगळं गमावून राखेत बसला तेव्हा अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. त्या मित्रांनी ईयोबासाठी केलेली तेवढी एकच चांगली गोष्ट. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि तू काहीतरी पाप केलं असशील, हे नाना परींनी त्याला पटवायला लागले. त्यांचं बोलणं वाचताना अडचण अशी होते की ते वाईट नसतं. त्यातली निम्मी वाक्यं कुठल्याही प्रवचनात शोभतील. ईयोब मात्र ऐकत नाही. तो देवालाच खटल्याला उभा राहायला सांगतो, त्याच्यावर अन्यायाचा आरोप ठेवतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आणि ग्रंथाच्या अखेरीस देव कुणाची बाजू घेतो? देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर तो संतापतो आणि माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो. धर्मग्रंथांत इतकी धाडसी जागा मला दुसरीकडे आढळलेली नाही.

आपल्याकडे त्या मित्रांचं काम कर्मसिद्धांतानं केलं. मागच्या जन्मीचं फळ, हे उत्तर देवाला दोषमुक्त करतं, पण त्याची किंमत दुःख भोगणाऱ्याच्या माथी मारतं. चोखोबांचं आयुष्य त्या किमतीत गेलं. परंपरेनुसार १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. वेठीच्या कामावर आलेलं हे मरण. हीन जातीतला जन्म पूर्वकर्माचा, असं त्यांनी स्वतःही काही अभंगांत समजून घ्यायचा प्रयत्न केलेला दिसतो. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र ते समाधान मानत नाही. आम्हाला या स्थितीत घातलंस आणि तुला लाज कशी वाटत नाही, असा त्याचा विठ्ठलाला रोखठोक सवाल आहे. अभ्यासक चोखोबांवर भरभरून लिहितात आणि कर्ममेळ्याला दोन ओळींत आटोपतात, हे मला खटकत आलं आहे. ईयोबाचा सख्खा भाऊ शोभावा असा तो कवी आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा आजच्या दारिद्र्याचा हिशेब मागच्या जन्मावर टाकणारी कर्मकल्पना त्यांनी निक्षून बाजूला ठेवली, आणि देवालाही. देव मानणाऱ्या माणसानं त्या निर्णयासमोर मान खाली घालून थोडा वेळ उभं राहायला हवं. देवाच्या नावानं दिलेल्या उत्तरांनी माणसं देवापासून किती दूर ढकलली गेली, ते तिथे दिसतं.

कारण सांगण्याचा मोह चांगल्या माणसांनाही आवरत नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला आणि ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला. अस्पृश्यतेविषयीची गांधीजींची तळमळ खरी होती, तरी या वादात बरोबर होते ते रवींद्रनाथ. बिहारमधल्या ढिगाऱ्याखाली जी मुलं मेली त्यांत अस्पृश्यांची मुलंही होती. त्याआधी पावणेदोनशे वर्षं, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन हादरलं. चर्च भाविकांनी भरलेली होती. ती त्यांच्यावर कोसळली, मग आग लागली, मग समुद्र चालून आला. मालाग्रिडा नावाच्या जेझुइट धर्मगुरूनं हा पापांचा दंड असल्याचं लिहून प्रसिद्ध केलं. लायब्निट्झनं १७१० मध्ये मोठ्या कौशल्यानं मांडलेला सिद्धांत, की शक्य असलेल्या सगळ्या जगांत हे सर्वांत चांगलं जग आहे, त्या ढिगाऱ्यानंतर युरोपात पूर्वीसारखा टिकला नाही. व्हॉल्तेअरनं त्याची जी कठोर उलटतपासणी केली ती पुस्तकात पुढे येईल.

लिस्बनचं नाव घेतलं की मराठी वाचकाला किल्लारी आठवल्याशिवाय राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर-उस्मानाबाद भागात लोक गणपती बोळवून घरी येऊन झोपले होते. आठ ते दहा हजार माणसं गेली. मारलं ते घरांनी: दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यान् पिढ्या अभिमानानं बांधलेली ती घरं. हलक्या छपरात, कुडाच्या झोपडीत राहणारे त्यामानानं वाचले. इथे कोणता नैतिक हिशेब लावणार? कोणत्या पापाचा, कोणत्या पुण्याचा?

तत्त्वज्ञानाची पुस्तकं दुःखाचे दोन कप्पे करतात. एक माणसाच्या दुष्टपणातून येणारं, दुसरं निसर्गातून येणारं. पहिल्याची जबाबदारी माणसाच्या स्वातंत्र्यावर टाकायची: देवानं आपल्याला प्रेम करायला मोकळं ठेवलं, म्हणून द्वेष करायलाही आपण मोकळे राहिलो. दुसऱ्यासाठी सृष्टीच्या नियमांकडे बोट दाखवायचं: नियम अढळ नसतील तर जगणंच अशक्य होईल, आणि ज्या हालचालींनी डोंगर उभे राहतात त्याच हालचालींनी भुई हादरते. ही दोन्ही उत्तरं मला पोकळ वाटत नाहीत. त्यांना एकेक प्रकरण दिलं आहे. पण दुष्काळापुढे हे कप्पे टिकत नाहीत. पाऊस पडला नाही हे निसर्गाचं. पण १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात दक्षिणेत माणसं मरत असताना देशातलं धान्य बोटींत भरून परदेशी जातच होतं, आणि कष्टाच्या मदतकामावर राबणाऱ्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी कापली गेली होती. रेल्वेनं धान्य आणता येत होतं तसंच नेताही येत होतं, आणि ज्याच्याकडे पैसा होता तिकडे ते गेलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की अन्न असूनही दुष्काळ पडू शकतो, कारण ते विकत घेण्याची ऐपत काही माणसांपाशी उरलेली नसते. म्हणजे डोंगरे कुटुंबासारखी जी कुटुंबं मेली त्यांचा जाब आधी आभाळाला विचारायचा की कचेरीला?

इथे एक पळवाट आहे आणि ती मी घेणार नाही. सगळा दोष माणसाचा, देव त्यातून मोकळा, असं म्हटलं की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण कचेरीचा दोष पूर्ण मोजून झाल्यावरही काही शिल्लक राहतं. जन्मतःच वेदना घेऊन आलेलं बाळ शिल्लक राहतं. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी. आपल्या कुठल्याही गावात आजही विचारला जाईल असाच तो प्रश्न. येशू सांगतो की दोघांनीही नाही, आणि देवाचं काम याच्या ठायी दिसावं असं म्हणून त्याच्या डोळ्यांना चिखल लावायला घेतो. कारणाची चौकशी त्यानं तिथेच बंद केली. हे उत्तर अपुरं आहे का? तर्काला आहे. पण आंधळ्याकडे बोट दाखवून चर्चा करणारी माणसं आणि त्याच्यासमोर वाकलेला माणूस, यांच्यातलं अंतर ओळखल्याशिवाय हा विषय हातात घेता येत नाही.

माझं जे म्हणणं आहे ते मला तुकोबांकडे सर्वांत स्पष्ट दिसलं. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. थोरली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. मुलगा संतू गेला. दुकान बुडालं, दिवाळं निघालं, गावात पत राहिली नाही. आणि हेच तुकोबा पुढे देवाला म्हणतात की झालं ते बरं झालं, दुष्काळानं पिडलं ते बरं झालं, त्यामुळे तुझं चिंतन राहिलं. तो अभंग वाचून कितीतरी कीर्तनकारांनी दुःखाचं गुणगान केलं आहे. मला त्याची धास्ती वाटते. कारण तुकोबांनी हे स्वतःच्या दुःखाविषयी म्हटलं, देवाला उद्देशून म्हटलं, आणि ज्या वणव्यातून ते आले त्यात उभं राहून म्हटलं. तो अधिकार त्यांचा. त्याच दुष्काळात होरपळलेल्या देहूच्या इतर माणसांशी ते कसे वागले? बापापासून चालत आलेल्या सावकारीची खतं घरात होती. भावाच्या वाट्याची त्याला देऊन आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. तुमचा दुष्काळ तुमच्या भल्यासाठी आला, असा उपदेश त्यांनी ऋणकोंना केला नाही. त्यांच्या डोक्यावरचं कर्ज त्यांनी उतरवलं. स्वतःच्या दुःखात देवाचा हात ओळखणं आणि दुसऱ्याच्या दुःखात स्वतःचा हात घालणं, या दोन गोष्टींची जी अदलाबदल होते तिच्यातून धर्माच्या नावावरचा सारा क्रूरपणा जन्मतो असं मला वाटतं.

मग तारण म्हणजे काय? सुटका, इतकंच? जन्ममरणाच्या फेऱ्यातून एकदाचं बाहेर पडणं? गंमत अशी की आपले वारकरी संत या सुटकेला फारसे राजी नाहीत. तुकोबा मुक्ती नको म्हणतात, संतांची संगत असेल तर पुन्हा गर्भवासात घाल म्हणतात. ज्याची बायको उपासमारीनं गेली तो माणूस याच जगात परत यायला तयार आहे, हे साधं विधान नाही. त्याला हव्या असलेल्या देवानं जगापासून दूर राहून चालणार नाही. म्हणूनच या परंपरेचा विठ्ठल जनाबाईबरोबर दळतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढतो. देव दुःखाचं कारण सांगत नाही, तो येऊन ओझ्याला हात लावतो. ख्रिस्ती श्रद्धेनं हीच गोष्ट टोकाला नेली. क्रूसावर येशू आपल्याला देवानं का टाकलं असं विचारत मरतो, आणि मार्काच्या वृत्तांतात त्याला तिथे कसलंही उत्तर येत नाही. म्हणजे आपण ज्याला जाब विचारतो तो स्वतः जाब विचारणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. जर्मन धर्मवेत्ता डीट्रिश बोनहॉफर नाझींच्या तुरुंगात होता, ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिलं गेलं. दुःख भोगणारा देवच मदत करू शकतो, या निष्कर्षावर तो त्या कोठडीत आला होता. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक मोकळेपणी सांगत. धर्मांतर हा वेगळा विषय आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो. पण टिळकांना या दोन ठिकाणी एकच ओढ जाणवली, याचं मला नवल वाटत नाही.

तरीही सोबत पुरेशी नाही. विठ्ठल चोखोबांबरोबर ढोरं ओढत असेल, पण चोखोबा देवळाबाहेरच राहिले, त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर आहे. ते दार उघडायला सहाशे वर्षं लागली आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींना त्यासाठी प्राणांतिक उपोषण करावं लागलं. ज्या तारणानं दार उघडत नाही त्याला तारण म्हणणं मला जड जातं.

रमाबाई इथेच महत्त्वाच्या ठरतात. आईबापांनंतर १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण सांगतील ते मुकाट मान्य करणारी ही बाई नव्हती. तिथल्या वाँटेजच्या मठातल्या जोगिणींशी त्यांनी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून पत्रापत्रांत वाद घातला. त्यांना ओढून घेतलं ते सिद्धांतांनी नव्हे; समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी ज्या मायेनं वागवत होत्या ते पाहून त्या हलल्या. देव कुठे आहे हे त्या बघत होत्या, आणि कुणाजवळ आहे हेही. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. एकदा उपासमारीत सगळं घर गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि दुष्काळानं टाकलेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आली. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर नेलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी शिक्षण, समाजानं बदनाम ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन. त्या वसाहतीचं नाव मुक्ती. तुकोबांनी जी मुक्ती नाकारली ती या माळावरच्या मुक्तीहून वेगळी होती. ही मुक्ती त्यांनी नाकारली नसती असं मला वाटतं. रमाबाईंच्या कामावर तेव्हा पुण्यात जी टीका झाली तीत धर्मांतराविषयीचे काही आक्षेप गंभीर होते आणि पुस्तकात त्यांना जागा आहे. पण त्या दुष्काळात मुली उचलून आणायला किती जण गेले, तेही विचारायला हवं.

आणि ज्या वाचल्या नाहीत त्यांचं? हा प्रश्न मला शेवटपर्यंत सोडत नाही. ईयोबाला अखेरीस सगळं दुप्पट मिळतं, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. पहिली दहा मुलं मात्र परत येत नाहीत. दोस्तोयेव्हस्कीचा इव्हान करामाझोव्ह म्हणतो की जगाची अंतिम सुसंगती एका छळलेल्या मुलाच्या अश्रूवर उभी असेल तर ती मला नको. त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. दुःखातून पुढे चांगलं निपजलं, म्हणून दुःख समर्थनीय ठरत नाही. केडगाव उभं राहिलं म्हणून तिरुपतीच्या रानातला उपास बरा ठरत नाही. म्हणूनच तारणाचा अर्थ जिवंतांच्या सुखापुरता मर्यादित ठेवला तर तो तोकडा पडतो. त्यात मेलेल्यांनाही जागा हवी, नाहीतर देवाकडे मागण्यासारखं फार थोडं उरतं. ख्रिस्ती परंपरेतलं पुनरुत्थान मला या कारणासाठी मोलाचं वाटतं, आणि त्यातला एक तपशील विशेष: उठलेल्या येशूच्या हातांवरचे घाव बुजलेले नाहीत, थोमा ते पाहतो. झालेलं पुसलं जात नाही, त्याला बरंही ठरवलं जात नाही, आणि तरी शेवटचा शब्द मरणाचा राहत नाही. हे सिद्ध करता येत नाही. मी त्यावर भरवसा ठेवतो, आणि तसं करताना इव्हानला गप्प केल्याचा दावा करत नाही.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. आईच्या कामाची धुरा तीच पुढे नेणार होती. थकलेल्या, कानांनी अधू झालेल्या रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांवर मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे, कारण तिथे श्रद्धेला काही फायदा मिळण्याची आशा उरलेली नव्हती.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिल्या भागात ईयोब, कर्ममेळा आणि तुकोबा आहेत, म्हणजे जाब विचारणारे. दुसऱ्या भागात तत्त्वज्ञांची उत्तरं आहेत. ती मी प्रामाणिकपणे, त्यांच्या बळासकट मांडायचा प्रयत्न केला आहे. तिसरा भाग तारणाचा आणि त्यात केडगावला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. देव न मानणाऱ्या वाचकानं पहिला भाग जरूर वाचावा. तिथे त्याच्या बाजूचे साक्षीदार भरपूर आहेत. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्यांनी मात्र दुसरा भाग तूर्त सोडून द्यावा. तो वर्षभरानंतरही वाचता येईल. त्यांनी ईयोबापासून सुरुवात करावी, आणि मित्र बोलायला लागले की ती पानं खुशाल उलटून पुढे जावं.